सुपरडार्न, सात महिन्यांनंतर: तो राखाडी पट्टा मला खपत नाही

सुपरडार्न म्हणजे आयनांबरातला, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातला, प्लाझ्मा (तिथला विद्युतभारित वायू) कुठे आणि किती वेगाने वाहतो ते मोजणाऱ्या रडारांचं जाळं. सात महिने मी त्याचा डेटा वापरते आहे. एक रडार पाळीपाळीने वेगवेगळ्या दिशांना लहरी सोडतं; अशी एक दिशा म्हणजे एक बीम. पाचवा बीम, संध्याकाळची वेळ, अंतर साधारण 900 किलोमीटर. फिनलंडमधल्या हान्कासाल्मीच्या रडारचा हा बीम नॉर्वेतल्या ट्रोम्सोवरून जातो. ट्रोम्सोच्या आइस्कॅट या प्लाझ्मा मोजणाऱ्या दुसऱ्या रडारचा त्याच रात्रीचा डेटा मी शेजारी उघडून ठेवला होता. तिथे प्लाझ्मा सेकंदाला 600 मीटरच्या आसपास पश्चिमेकडे धावत होता. आणि माझ्या आलेखावर सलग चाळीस मिनिटं नुसता राखाडी पट्टा!

ज्यांनी सुपरडार्न वापरलंय त्यांना राखाडीचा अर्थ ठाऊक आहे. ग्राउंड स्कॅटर, म्हणजे जमिनीवरून आलेला प्रतिध्वनी. लहर वर जाऊन खाली वळली, जमिनीवर किंवा समुद्रावर आपटली आणि आल्या वाटेने परतली. तिचा प्लाझ्माच्या वेगाशी संबंध नाही, सोडून द्या. मीही सोडून दिलं होतं. ही रात्र मी तिसऱ्या महिन्यातच 'काही घडलं नाही' अशा शेऱ्यासह बाजूला टाकली होती. चूक कळली तेव्हा आधी पोटात गोळा आला, मग संताप.

झालं असं की पाचवा बीम जवळजवळ चुंबकीय उत्तरेकडे पाहतो. संध्याकाळी अरोराच्या पट्ट्यात प्लाझ्मा चुंबकीय पश्चिमेकडे वाहतो, म्हणजे बीमला बरोबर आडवा. रडारला कळतो तो फक्त आपल्या दिशेने येणारा किंवा दूर जाणारा वेग. आडव्या वेगाचा डॉप्लर, म्हणजे लहरीच्या वारंवारतेतला बदल, शून्य. आणि ग्राउंड स्कॅटर ओळखायचा ठरलेला नियम असा: वेग अधिक स्पेक्ट्रमच्या रुंदीचा (एकाच ठिपक्यातले वेग किती विखुरलेले आहेत त्याचा) तिसरा हिस्सा, बेरीज 30 मीटर प्रतिसेकंदाच्या आत आली की राखाडी. रुंदी 60 असली तर वेगाला जेमतेम 10 ची मुभा उरते. एरवी आयनांबरातून आलेला स्कॅटर बराच रुंद असतो, म्हणून नियम चालून जातो. पण प्रवाह शांत आणि एकसारखा असला की रुंदी घटते, आणि नेमका तोच स्वच्छ प्रवाह जमिनीच्या खात्यावर जमा होतो.

मी रात्रीच्या उरलेल्या पोळ्यांचा सकाळी कुस्करा करणाऱ्या घरातली. हा डेटा फुकट मिळतो, 1983 मध्ये लॅब्राडोरमधल्या गूस बेला पहिलं रडार उभं राहिल्यापासून कितीतरी जणांनी बर्फात अँटेना सांभाळून तो जमवला आहे. त्यातला एक ठिपकाही वाया गेलेला मला बघवत नाही.

मूळ तंत्राबद्दल मात्र पहिल्या दिवशीचं प्रेम तसंच आहे. ध्रुवाजवळ चुंबकीय रेषा जवळजवळ उभ्या असतात, आणि स्कॅटर मिळायला लहर त्यांना काटकोनात भेटावी लागते. जमिनीवरून सरळ जाणारी व्हीएचएफ, म्हणजे जास्त वारंवारतेची, लहर हे फार तर 110 किलोमीटरच्या आसपास साधते. सुपरडार्नची 8 ते 20 मेगाहर्ट्झची लहर आयनांबरातच वाकते आणि वाकता वाकता त्याहून कितीतरी वर काटकोन गाठते. ज्याचा अभ्यास करायचा त्यालाच भिंगासारखं वापरून घ्यायचं! याआधी मी अलिबागच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदींवर काम करत असे. तिथे दिसतो तो दूरवरच्या सगळ्या विद्युतप्रवाहांचा एकत्रित परिणाम. इथे 16 बीम, 45 किलोमीटरची घरं, मिनिटा-दोन मिनिटांनी पूर्ण फेरी, आणि प्लाझ्मा स्वतः कुठे चालला आहे ते समोर. 1000 मीटर प्रतिसेकंद वेग म्हणजे मीटरला साधारण 50 मिलिव्होल्टचं विद्युतक्षेत्र, हा हिशोब आता मी मनातल्या मनात करते.

परत राखाडीकडे. चौथ्या महिन्यात रागाच्या भरात मी तो नियमच बंद केला. फाइलमध्ये वेग शाबूत असतो, ग्राउंड स्कॅटरच्या रकान्यात नुसता 1 पडलेला असतो. त्याकडे दुर्लक्ष करायचं, झालं. मग सगळ्या रडारांचा मिळून संवहनाचा, म्हणजे ध्रुवाभोवती प्लाझ्मा कसा फिरतो त्याचा, नकाशा काढला. दिवसाच्या बाजूला समुद्रावरून परतलेले शेकडो शून्य वेग आत शिरले आणि नकाशाने मान टाकली. प्रवाहाचे दोन भोवरे जागच्या जागी थिजल्यासारखे, ध्रुवावरचं विभवांतर (व्होल्टेजमधला फरक) धडाधड खाली. तेव्हा माझं मत बदललं. नियम हवाच. पण तो एका वेळी एकच ठिपका बघतो, शेजाऱ्याकडे मान वळवत नाही, ही खरी तक्रार आहे.

शेजारी काय सांगतो ते त्याच रात्रीच्या फेऱ्या मोठ्या करून बघितल्यावर दिसलं. पूर्वेकडच्या बीमवर निळा, म्हणजे जवळ येणारा. पश्चिमेकडच्यांवर लाल, दूर जाणारा. मधोमध राखाडीची बारीक चीर. दोन बीममध्ये 3.24 अंशांचा फरक असतो. 600 मीटरचा प्रवाह पाचव्या बीमला अगदी आडवा असेल तर चौथ्या आणि सहाव्यावर 34 मीटर दिसायला हवा, तिसऱ्या आणि सातव्यावर 68. आकडे पायऱ्यांसारखे तसेच चढत होते, फक्त दोन बाजूंना उलट चिन्हांनी. समुद्र असं करत नाही. समुद्र सगळ्या बीमवर सारखाच राखाडी असतो. मी ती चीर कितीतरी वेळ नुसती बघत बसले होते.

एलेव्हेशनने, म्हणजे लहर जमिनीशी किती कोन करून परतते त्याने, हा प्रश्न सुटेल असं मला वाटलं होतं, अनेकांना वाटतं. एकट्याने सुटत नाही. 900 किलोमीटर अंतर आणि 15 अंशांचा कोन म्हणजे सुमारे 290 किलोमीटर उंचीवरचा प्लाझ्मा असू शकतो, किंवा 130 किलोमीटरवर वळून जमिनीवर आपटलेली लहरही असू शकते. दोन्ही हिशोब चोख बसतात. शेजारचे बीम आधी बघा, कोन नंतर.

बाकी गोष्टी थोडक्यात. मोठ्या चुंबकीय वादळात आयनांबराचा खालचा थर लहर शोषून घेतो आणि नेमकं हवं तेव्हा रडार आंधळं होतं; ही तक्रार जुनी आहे आणि तिच्यावर उपाय नाही. वेग प्रत्यक्षापेक्षा थोडे कमी येतात, कारण प्लाझ्मात अपवर्तनांक एकाच्या खाली असतो. पायथॉनमधून आलेख काढणं सोपं आहे, कच्च्या फाइलींसाठी डिस्क मोठी घ्या.

आणि एक आनंदाची गोष्ट, जी मी शोधायला गेले नव्हते. खरा ग्राउंड स्कॅटर वेगळा काढला आणि वेगाऐवजी परतलेल्या लहरीच्या शक्तीचा आलेख लावला, तर त्यात तिरके पट्टे सरकताना दिसले. वातावरणात उचंबळणाऱ्या लाटा आयनांबराचा तळ आरशासारखा खालीवर वाकवतात आणि परतणारी लहर कुठे एकवटते, कुठे पसरते. तज्ज्ञांना हे कधीचं माहीत आहे. मला मात्र दुपारच्या चारच्या अंधारात, खिडकीबाहेर बर्फ पडत असताना, स्वतःच्या टाकाऊ ढिगात ते सापडलं आणि मी फोन करून घरी सांगितलं.

सध्या शेजारच्या बीमचा उतार तपासणारी छोटी स्क्रिप्ट लिहून बाजूला टाकलेल्या रात्री परत चालवते आहे. 19 झाल्या. त्यांतल्या 6 रात्रींमध्ये राखाडीच्या आत प्रवाह होता. आज विसावी लावली आहे.