काउचडीबी ३: डेटाबेसमध्येच ॲप ठेवावं का?

मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) वर्कशॉप, रावपुऱ्यात दुकान, आणि दोन्हीकडचे मिळून सात-आठ जण एकाच स्टॉक रजिस्टरवर. बडोद्यातल्या अशा कामाला अपाची काउचडीबी हा डेटाबेस छान बसतो. पैसे लागत नाहीत आणि तो स्वतःच एचटीटीपी, म्हणजे ब्राउझरची भाषा, बोलतो (पोर्ट ५९८४ वर). ॲपच्या फायली डिझाइन डॉक्युमेंटला (डेटाबेसचा कोड ठेवायच्या खास नोंदीला) अटॅचमेंट म्हणून जोडल्या की वेगळा वेब सर्व्हर न लावताही ब्राउझरमध्ये स्क्रीन उघडते.

यातली खरी मौज रेप्लिकेशनची, म्हणजे डेटाबेसची प्रत दुसरीकडे आपोआप उतरवण्याची. नोंदींबरोबर ॲपही दुसऱ्या मशीनवर जातं. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं होतं. तळमजल्यावर सर्व्हर ठेवणाऱ्यांनी दुसऱ्या जागी अशी चालती प्रत ठेवायलाच हवी. मात्र डिझाइन डॉक्युमेंट लिहायला पलीकडच्या डेटाबेसचा ॲडमिन लागतो. साध्या युजरने रेप्लिकेशन लावलं तर नोंदी पोचतात, ॲप पोचत नाही, आणि जॉब तरी ‘पूर्ण’ दिसतो. म्हणून निकालात लिहिता न आलेल्या डॉक्युमेंटांचा आकडा बघावा.

आता अडचणी. काउचडीबी ३.२ पासून अटॅचमेंटवर ‘सँडबॉक्स’ हेडर (पानातला कोड चालवू नको, अशी ब्राउझरला सूचना) लागतं, त्यामुळे पान दिसतं पण जावास्क्रिप्ट चालत नाही. सेटिंग्जच्या सीएसपी (csp) नावाच्या विभागात ते बंद करता येतं. करू नका. कोणीतरी नोंदीला जोडलेली एचटीएमएल फाइल ॲडमिनने उघडली की तिच्यातला कोड ॲडमिनच्या अधिकाराने चालायचा. २०२१ मधली ती त्रुटी रोखण्यासाठीच हे हेडर आलं. डेटाबेसमधूनच पानं तयार करणारी आणि पत्ते वळवणारी शो, लिस्ट आणि रीराइट फंक्शन्सही ३.० पासून मोडीत काढायच्या यादीत आहेत.

त्याहून मोठी गोष्ट वाचण्याच्या परवानगीची. ज्याला डेटाबेस वाचता येतो त्याला त्यातली प्रत्येक नोंद वाचता येते. नोंद तपासणारं व्हॅलिडेशन फंक्शन फक्त लिहिणं अडवतं. स्क्रीनवर रकाना लपवला म्हणून खरेदीचा भाव लपत नाही. तो वेगळ्या डेटाबेसमध्येच ठेवावा लागतो. मध्ये सर्व्हरवरचा कोड नसला की हे हमखास विसरलं जातं.

आमचं मत: काउचडीबी घ्या, ॲप बाहेर ठेवा. त्याच मशीनवर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर बसवा, फायली फोल्डरमधून द्या, आणि फक्त डेटाबेसचा मार्ग १२७.०.०.१ च्या (म्हणजे त्याच मशीनच्या) ५९८४ कडे वळवा. पत्ता एकच राहतो, त्यामुळे कॉर्सची (दुसऱ्या पत्त्यावरून डेटा घेताना ब्राउझर लावतो त्या बंधनांची) कटकट नाही, आणि ५९८४ नेटवर्कवर उघडावा लागत नाही. एचटीटीपीएसही एनजिनएक्सवरच लावा.

ॲप आतच ठेवायचं असेल तर निदान व्ह्यू (रिपोर्टसाठी नोंदींचे इंडेक्स बांधणारी फंक्शन्स) वेगवेगळ्या डिझाइन डॉक्युमेंटांमध्ये असू द्या. एका डॉक्युमेंटमधला एक व्ह्यू बदलला की त्यातले सगळे इंडेक्स नव्याने बांधले जातात, आणि मोठ्या रजिस्टरवर तेवढा वेळ रिपोर्ट अडकून राहतात. एनजिनएक्सच्या मांडणीत ॲपच्या फायली रेप्लिकेशनने जात नाहीत. त्या प्रत्येक बदलानंतर आरसिंकने (फायली कॉपी करणाऱ्या टूलने) दुकानातल्या मशीनवर पाठवाव्या लागतील.