आईच्या लघवी गळण्याच्या तक्रारीवर सहा महिने: टीम चांगली, पण वही आपली आपण सांभाळा

गेल्या मंगळवारी नंदगडहून आईला घेऊन बेळगावच्या दवाखान्यात गेले, तर नव्या सिस्टरनी विचारलं, "काय त्रास होतोय?" सहाव्या महिन्यात! फाईल सापडत नव्हती. आईचा चेहरा पडला. तीच लाजेची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायची.

आधी तीन डॉक्टर झाले होते. एकाने बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी दिली, ती आई रात्री जेवल्यावर घ्यायची. दुसऱ्याने मूत्राशय शांत करणारी दिली, तिने बद्धकोष्ठ झालं आणि लघवीची घाई आणखी वाढली. तिसऱ्याने डायपर लिहून दिले. एकाचं दुसऱ्याला ठाऊक नाही. इथे बेळगावला युरॉलॉजिस्ट (लघवीच्या विकारांचे डॉक्टर), फिजिओ मॅडम, आहाराच्या मॅडम आणि सिस्टर एकाच दिवशी बघतात. कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट करणाऱ्या शक्ती योजनेमुळे आम्हा दोघींना बसचं तिकीटही पडत नाही.

खरं काम केलं ते वहीने. तीन दिवस प्रत्येक लघवी मापाने मोजायची, काय प्यायलं, कधी गळलं ते लिहायचं. फॉर्म मात्र कन्नड आणि इंग्रजीत. आईला फक्त मराठी वाचता येतं. शेवटी मी दुरेघी वहीत रकाने आखले आणि तिने स्वतः लिहिलं: "पहाटे ४. १२० मिली. दारापर्यंत पोचले नाही." ते पान बघून डॉक्टरांनी बीपीची गोळी सकाळी घ्यायला सांगितली. दिवसाचे पाच चहा दोनावर आले. गळतं म्हणून आईने पाणीच तोडलं होतं. घट्ट लघवीने मूत्राशय जास्त चिडतं, हे आम्हाला तेव्हा कळलं.

ओटीपोटाखालचे स्नायू आवळायचा व्यायाम दिला, एका वेळी ८ दा, दिवसातून ३ वेळा, किमान ३ महिने. तीन आठवड्यांनी काहीच फरक नव्हता. मी घरी म्हटलंसुद्धा, उगीच हेलपाटे. ते मी मागे घेते. अडीच महिन्यांनी आई खानापूरला मावशीकडे हळदीकुंकवाला जाऊन कोरडी परत आली. दिवसाला तीन डायपर लागायचे, आता रात्री एक.

मंगळवारी शेवटी पिशवीतली वही काढली. नव्या सिस्टरनी उभ्याउभ्या चार पानं वाचली आणि मग स्वतः ती घेऊन युरॉलॉजिस्टकडे गेल्या. आईला एक शब्द बोलावा लागला नाही. मराठी रकान्यांच्या कोऱ्या पानाच्या दहा झेरॉक्स मी तिथे ठेवून आलेय. पुढच्या वेळी त्या टेबलावर दिसल्या पाहिजेत.