घडीचे दोन चाकू, महिनोन्‌महिने वापरल्यानंतर: ओपिनेल नंबर 8 आणि लायनर लॉक

जाड पुठ्ठ्यात रुतलेले पाते मागे काढताना लायनर लॉकच्या, म्हणजे आतल्या पातळ पट्टीने उघडे पाते अडवून धरणाऱ्या, चाकूचा खटका सुटला आणि पाते थेट बोटांवर मिटले. हातमोजा जाड होता म्हणून ओरखड्यावर निभावले. मात्र त्या दिवसापासून तो चाकू माझ्या खिशात गेलेला नाही. वडोदऱ्यात मकरपुऱ्याच्या गोदामात खोकी फोडणे, पट्ट्या कापणे आणि केबलचे आवरण सोलणे या कामांसाठी तो आणि ओपिनेल या फ्रेंच कंपनीचा कार्बन स्टीलचा नंबर 8 मी आलटूनपालटून वापरत होतो.

सुरुवातीला माझा कौल लायनर लॉकलाच होता, कारण एका हातात खोके धरलेले असताना दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने उघडणाऱ्या चाकूची सोय फार मोठी असते. परंतु या रचनेत पात्याच्या बुडामागे आडवी सरकणारी एक पातळ पट्टीच सगळा भार पेलते. तिचे टोक झिजले की ती अधिकाधिक पलीकडे सरकत जाते आणि खाचेत पुठ्ठ्याची धूळ साचली की नीट बसतही नाही. ती पलीकडच्या बाजूला टेकलेली दिसू लागली तेव्हाच मी विक्रेत्याला फोटो पाठवले होते. ‘ही नेहमीची झीज आहे, वॉरंटीत बसत नाही,’ एवढेच उत्तर आले. धार बोथट होणे ही नेहमीची झीज आहे. खटका सुटणे हा दोषच आहे आणि या बाबतीत मी तडजोड करणार नाही.

ओपिनेलचा खटका म्हणजे मुठीच्या तोंडाशी फिरणारी पोलादी कडी, आणि ही विरोब्लॉक रचना 1955 पासूनची आहे. कडी फिरवली की पात्याची मिटण्याची वाटच बंद होते, आणि थोडी झीज झाली तरी ती जरा जास्त फिरवून घट्ट बसवता येते. उघडायला दोन्ही हात लागतात, ही अडचण मी आता आनंदाने पत्करतो.

ओपिनेलच्या पात्याच्या पोलादात सुमारे 0.9 टक्के कार्बन असल्याने आमच्या दमट पावसाळ्यात ते गंजून जाईल, अशी मला खात्री होती. ते मत आता बदलले आहे. काम संपल्यावर पाते कोरडे पुसून तेलाचे बोट फिरवले की पुरते. पात्यावर करडी झाक आली आहे, गंज नाही. बीच लाकडाची मूठ ओलाव्याने फुगते आणि पाते अडकते, तेव्हा मुठीचे बूड टेबलाच्या कडेवर हलके आपटले की ते डोके वर काढते. धार तर साध्या दुहेरी दगडावर काही मिनिटांत परत येते, ज्यासाठी लायनर लॉकच्या स्टेनलेस पात्याला बराच वेळ घासावे लागत असे.

ज्यांना एका हाताने उघडणारा चाकू हवाच आहे, त्यांनी दुकानात पाते उघडून पट्टी कोठे टेकते ते पाहावे: ती अलीकडच्या बाजूला असेल तर झिजेला जागा उरते, नव्या चाकूतच पलीकडे पोहोचली असेल तर तो परत ठेवावा.