पेट्रोल वाचवणारी डबी आणि माझे १,४९९ रुपये

मंचरहून चाकणला कंपनीत जायचं म्हणजे रोज येऊन-जाऊन साठेक किलोमीटर. लायसन्स हातात येऊन वर्षही झालं नव्हतं. गाडी २०१४ची, सेकंड हँड, पेट्रोलवरची. शिफ्टमधले दोघं सोबत असायचे आणि पेट्रोल तिघांत वाटून घ्यायचो. तरी गाडीला महिन्याला शंभर लिटर लागायचं, आणि लिटरचा भाव शंभरच्या पुढे. पगार एकवीस हजार. चाकणच्या तळेगाव चौकात गाडी नुसती धडधडत उभी असली की डोळ्यांपुढे नोटा जळताना दिसायच्या.

त्याच दिवसांत मोबाईलवर एक जाहिरात सारखी यायला लागली. काडेपेटीएवढी हिरवी डबी, स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये, म्हणजे गॅरेजवाले गाडी तपासायचा स्कॅनर लावतात तिथे, खोचायची, की पेट्रोल ३५ टक्के वाचणार. किंमत १,४९९, कॅश ऑन डिलिव्हरी, ‘शेवटचे काही नग शिल्लक’. मी लगेच हिशोब मांडला: महिन्याला साडेतीन हजार सुटतील, पंधरा दिवसांत डबीचे पैसे वसूल. एवढं गणित मांडलं, पण गाडी आत्ता नेमकं किती ॲव्हरेज देते हे कधी मोजलंच नव्हतं. पंधरा देत असेल, असा अंदाज होता. माझी खरी चूक इथे झाली.

डबीबरोबर एक चिठ्ठी होती. इंजिन बंद ठेवून डबी खोचा, चावी फिरवा, बटण पाच सेकंद दाबून धरा. मग पुढचे २४० किलोमीटर गाडी ‘शांतपणे, एका लयीत’ चालवा, म्हणजे डबी तुमची चालवण्याची पद्धत शिकेल आणि इंजिनच्या संगणकाचं सेटिंग बदलेल. हिरवा दिवा लुकलुकायला लागला आणि मला भरून आलं. चार दिवस मी ती चिठ्ठी देवाची आज्ञा असल्यासारखी पाळली. राजगुरुनगरच्या पुढे मोकळा रस्ता दिसला तरी साठच्या वर गेलो नाही. कुणाला कट मारला नाही, पुढे सिग्नल लाल दिसला की लांबूनच पाय सोडायचो.

काटा खरंच हळू उतरायला लागला. मी कंपनीत सगळ्यांना सांगत सुटलो. माझ्या शब्दावर शिफ्टमधल्या आणखी दोघांनी डबी मागवली. माझे पैसे गेले त्यापेक्षा याचं मला जास्त वाईट वाटतं.

महिन्याभराने ऑइल बदलायला गाडी गॅरेजला नेली. मिस्त्रीकाकांना स्कॅनर लावायचा होता, म्हणून त्यांनी डबी उपसली आणि हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. “किती दिले रे पोरा?” मी आकडा सांगितला. काही न बोलता त्यांनी बारीक स्क्रू ड्रायव्हरने डबीचं झाकण उचकटलं. आत नखाएवढी सर्किटची पट्टी, दोन-तीन दिवे, एक बटण आणि नंबर खरवडलेली एक चिप. बाहेरून सोळाच्या सोळा पिना दिसत होत्या, पण पट्टीला जोडलेल्या मोजक्याच. काकांनी सॉकेट दाखवून समजावलं: सोळा नंबरला बॅटरीचा प्लस, चार आणि पाचला अर्थिंग. गाडीचा संगणक बोलतो तो सहा आणि चौदा नंबरच्या तारांवर, आणि या डबीत त्या दोन पिना नुसत्या लोंबकळत होत्या. म्हणजे डबी बॅटरीवर दिवा लावत होती, बाकी काही नाही. सोळा नंबरला करंट कायम असतो, म्हणून चावी काढल्यावरही दिवा रात्रभर लुकलुकायचा. त्यालाच मी ‘शिकणं’ समजत होतो.

मग काटा हळू का उतरत होता? पुढच्या दोन टाक्या मी नीट मोजल्या. एकाच पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी फुल, ट्रिप मीटर शून्य, तीनशेच्या वर किलोमीटर झाले की पुन्हा तसंच फुल, आणि जेवढं पेट्रोल बसलं त्याने किलोमीटरला भागायचं. डबी नसताना, त्याच शांत पद्धतीने चालवून १६.८ पडलं. त्यात काकांनी टायर तपासले तर हवा बावीसवर आलेली. दाराच्या खांबावरचं स्टिकर बघून ती भरून घेतली. वाचवलं ते माझ्या पायाने. चिठ्ठीतल्या ‘शांतपणे चालवा’ या एका ओळीवर डबी विकणाऱ्यांचा सगळा धंदा चालतो. वर २४० किलोमीटर होईपर्यंत परत करायची सात दिवसांची मुदत उलटत आलेली असते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने पेट्रोल वाचवणारी म्हणून विकली जाणारी अशी शंभराहून जास्त साधनं तपासली, त्यातल्या एकानेही ॲव्हरेजमध्ये सांगण्यासारखा फरक पाडला नाही. हे मला पैसे गेल्यावर वाचायला मिळालं.

पाकिटावरचा नंबर बंद लागला, पत्ता एका कुरिअर गोदामाचा निघाला. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पैसे अजून आलेले नाहीत. तुम्ही फसला असाल तर पाकीट, चिठ्ठी आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट टाकून देऊ नका. विकणाऱ्याचं नाव-गाव तेवढ्यावरच शोधावं लागतं. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही, हेही माझ्या वयाच्या फार जणांना माहीत नसतं.

ज्या दोघांनी माझ्या सांगण्यावरून डबी घेतली त्यांना मी पैसे द्यायला गेलो. एकाने घेतले. दुसऱ्याने घेतले नाहीत, पण स्वतःची डबी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, “नवीन पोरं आली की त्यांना ही उघडून दाखव.” परवाच ती जाहिरात मला पुन्हा दिसली. नाव बदललंय, डबी आता निळी झालीय, पण आधी काही किलोमीटर शांतपणे चालवायची अट तशीच आहे.