येवल्यात पैठणी खरेदी: पाचपैकी चार स्टार, एक त्या पिवळ्या लाईटसाठी कापला

भावाचं लग्न नोव्हेंबरात आहे म्हणून गेल्या शनिवारी आई, मावशी, होणारी वहिनी आणि मी असे चौघी येवल्याला जाऊन आलो. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण एक तक्रार पण आहे आणि उगाच कुणाचा धंदा खराब नको. शिर्डी करून गेलात तर तासाभराच्या आत पोचता, आम्ही वाटेत मुक्तीभूमीला (बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली ती जागा) थांबलो म्हणून दुपारचे बारा वाजले.

आधी तक्रार. आत गेल्या गेल्या मुलाने धडाधड साड्या उघडायला सुरुवात केली आणि "बघा ना ताई, काय सुंदर" हे प्रत्येकीला. मी पदर उलटा केला तर मागे धाग्यांचं नुसतं जंगल, सेमी पैठणी होती, म्हणजे यंत्रमागावरची. विचारल्यावर लगेच मान्य केलं पण विचारल्यावर! सेमी वाईट असते असं नाही, बजेट नसेल तर खुशाल घ्या, पण सांगून विका ना बाबा. हातमागावरच्या खऱ्या पैठणीचा पदर मागून पण पुढच्यासारखाच साफ दिसतो, कारण प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या कांडीवरून तेवढ्याच जागेपुरता हाताने अडकवून मागे फिरवतात, लोंबत ठेवत नाहीत. आणि हो, सिल्क मार्क बघून निर्धास्त होऊ नका, त्याचा अर्थ रेशीम खरं आहे एवढाच, हातमागाचं आहे असा नाही.

मग वरच्या मजल्यावर नेलं आणि तिथे खरी मजा सुरू झाली. एक साडी काढली, आई म्हणाली निळी छान आहे, वहिनी म्हणाली काकू ही राणी आहे ना, आणि मावशी दोघींकडे बघून, अगं डोळे तपासा, वांगी कलर आहे. दहा मिनिटं यावर वाद, मला वाटलं लग्न मोडतंय आता. शेवटी दुकानातल्या काकांनी एक कोपरा उलगडून दाखवला, उभा धागा राणी आणि आडवा निळा, धूप-छाव म्हणतात त्याला. आई बसली होती तिथून निळा वर येत होता, वहिनी उभी होती तिथून राणी, आणि मावशी लांब होती म्हणून दोन्ही मिसळून वांगी. म्हणजे तिघी बरोबर! सौंदर्य बघणाऱ्याच्या नजरेत असतं असं आपण सरळ बोलून मोकळे होतो पण इथे नजर तिघींची चांगलीच होती, फरक कोण कुठे बसलंय याचा होता, आणि दोन्ही रंग साडीत मोजून दाखवता येत होते.

आता माझी गोष्ट. कपाटातून दुसरंच काहीतरी काढताना एक काळी खाली सरकली, लाल काठाची, काली चंद्रकला म्हणतात ती. काठावर सिंगल मुनिया, म्हणजे ते हिरवे पोपट लाल चोचीचे, एकामागे एक, आणि प्रत्येकाची चोच अगदी टोकदार. अंगावर काटा आला हो, खोटं नाही सांगत, मी साडीवाली बाईच नाही, ऑफिसला कुर्ता घालून जाते. आई एका सेकंदात, "लग्नाला काळी? वेडबिड लागलंय का तुला." हीच आई दर संक्रांतीला काळी शोधत दादर पालथं घालते. म्हणजे जानेवारीत जी साडी सुंदर तीच नोव्हेंबरात अपशकुनी, धागा तोच, जरीची तार तीच. आईला ती खरंच कुरूप दिसत होती पण, नाटक नव्हतं, तोंड वाकडं झालं होतं तिचं.

मागच्या खोलीत माग होता, बघू देतात, नक्की बघा. विणणारे दादा पदराच्या कमळावर होते, सकाळपासून वीतभर पण झालं नव्हतं. अंगभर नक्षीची असेल तर एका साडीला कित्येक महिने जातात म्हणाले, वर्ष पण. मी विचारलं दादा तुम्हाला कुठली आवडते, तर म्हणाले "ताई आम्हाला रंग नाय दिसत, आम्हाला चूक दिसते." आणि मी आणलेल्या दोन पदरांपैकी एकावर बोट ठेवून सांगितलं, हा मोर मानेत जाड झालाय. मला पाच मिनिटं लागली ते दिसायला आणि एकदा दिसल्यावर मग तेच दिसत राहिलं, ती साडी मनातून उतरलीच. याबाबतीत मात्र मतबित काही नाही, मान जाड म्हणजे जाड. २०१० मध्ये जीआय टॅग मिळालाय पैठणीला, पण तो पण कुठली आणि कशी विणलेली ते सांगतो, तुम्हाला आवडेल की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

लाईटचं सांगायचं राहिलं. वर सगळे पिवळे दिवे, त्यात जरीची तार अशी काही चमकते की दहा हजारांची पंचवीसची वाटते. आम्ही प्रत्येक साडी जिन्याने खाली दारापर्यंत उन्हात नेली, मुलगा वैतागला, वैतागू दे. दोन तिथेच बाद झाल्या.

शेवटी ती धूप-छाववालीच घेतली, २४ हजार, ब्लाऊजपीस धरून, पक्कं बिल मिळालं. चहा दोनदा आला. पार्किंग नाही, शनिवार-रविवार टाळा. पिको-फॉल मात्र घरी येऊन आपल्या माणसाकडून करा, तिथे घाईत करतात.

परवा मी गुपचूप फोन करून विचारलं ती काळी आहे का अजून, तर दुसऱ्याच दिवशी गेली म्हणे. वाचणाऱ्यांपैकी कुणी घेतली असेल तर त्या पोपटांचा एक फोटो टाका प्लीज, उन्हातला.