स्वावलंबन पोर्टल आणि निराधारचा पगार: वेळ नेमका कुठे जातो

दिव्यांग दाखला आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) देणारं स्वावलंबन पोर्टल सेवा म्हणून कसं आहे? अर्ज भरण्यापुरतं चांगलं. पुढचा वेग पोर्टलच्या हातात नाही. आधी तो सिव्हिलच्या (जिल्हा सरकारी रुग्णालयाच्या) तपासणी बोर्डाच्या हातात जातो आणि पगार सुरू करायचा म्हटलं की तहसीलच्या. (संजय गांधी निराधार योजनेतून दरमहा मिळणाऱ्या अनुदानाला गावाकडे सगळे पगारच म्हणतात.) बराचसा वेग मात्र अर्जदाराच्या हातात असतो, फक्त अर्ज पाठवण्याआधी.

म्हणून सुरुवात पोर्टलवरून नाही, आधार कार्डावरून करा. नाव, जन्मतारीख आणि पत्ता आधारवर जसा आहे तसाच सगळीकडे हवा. आपल्याकडची नावं इथेच दगा देतात. ज्ञानेश्वर आधारवर इंग्रजी 'डी'ने सुरू होतो, बँकेत 'जी'ने, आणि रेशनकार्डावर वडिलांचं नावच नसतं. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचे अर्ज तर यात हमखास अडकतात. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे का, हेही पाहून घ्या, नाहीतर ओटीपी बंद पडलेल्या सिमवर जातो. आधार दुरुस्तीत काही दिवस गेले तरी चालतील. तीच चूक दाखल्यावर छापली गेली की तिच्यामागे महिने जातात.

पोर्टलवर सगळ्यात निष्काळजीपणे भरला जातो तो रुग्णालयाचा रकाना. नियमानुसार आपल्या राहत्या जिल्ह्यातल्या वैद्यकीय प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, किंवा जिथे उपचार चालू आहेत वा झाले आहेत त्या सरकारी रुग्णालयातही. दुसरा पर्याय फार लोक वापरत नाहीत. तुमची फाइल, एक्स-रे, ऑपरेशनची नोंद जिथे आधीच आहे तिथे तपासणी सोपी जाते. जवळचं म्हणून निवडलेल्या रुग्णालयात त्या दिव्यांगत्वाचा तज्ज्ञच नसेल, तर तिथून पुढे पाठवतात आणि तारखांचं गाडं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. फोन करून दोनच गोष्टी विचाराव्यात: या प्रकाराचा तज्ज्ञ तुमच्याकडे आहे का, आणि बोर्ड कोणत्या वारी बसतं.

हातात जुना दाखला असेल, उदाहरणार्थ महाराष्ट्रातल्या एसएडीएम या जुन्या ऑनलाइन दाखला-प्रणालीतला, तर अर्जात 'दाखला आहे' हाच पर्याय निवडा आणि त्यावरचा क्रमांक, तारीख, टक्केवारी अक्षरशः तशीच भरा. इथे 'नाही' म्हणणं म्हणजे नव्या तपासणीच्या रांगेत स्वतःहून जाऊन उभं राहणं. फोटो सहा महिन्यांच्या आतला हवा. कागद मोबाइलवर तिरके काढून चढवू नका. न वाचता येणारा कागद ही त्रुटी लागायची सगळ्यात स्वस्त सबब आहे. अर्ज गेला की मिळणारा नोंदणी क्रमांक कागदावर लिहून ठेवा. पुढे सगळी विचारणा त्याच्यावरच होते.

आता बोर्ड. हेलपाटे पडतात ते इथेच, आणि बहुतेक वेळा अपुऱ्या तपासण्यांमुळे. श्रवणदोषाला ऑडिओग्रामचा रिपोर्ट लागतो, लहान मुलांना बेरा (आवाजाला मेंदूचा प्रतिसाद मोजणारी चाचणी). बौद्धिक दिव्यांगत्वासाठी बुद्ध्यांक चाचणी लागते. मानसिक आजारात आयडीयाज मापनपट्टी वापरतात, त्यामुळे रोजचं काम, स्वतःची काळजी, लोकांशी बोलणंचालणं याबद्दल नेमकं सांगू शकणारं घरातलं माणूस सोबत हवं. विदर्भातल्या सिकलसेलच्या अर्जदारांसाठी एक खास सूचना: नुसत्या सोल्युबिलिटी चाचणीचा कागद पुरत नाही. वाहक (अंगात दोष असलेला, पण आजार नसलेला) कोण आणि रुग्ण कोण हे तिच्यातून कळत नाही, आणि वाहक असणं म्हणजे दिव्यांगत्व नव्हे. हिमोग्लोबिनचा प्रकार दाखवणारा इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीचा रिपोर्ट बरोबर न्या. उपचार चालू असताना, स्थिती स्थिर होण्याआधी गेलात तर बोर्ड 'नंतर या' म्हणतं किंवा तात्पुरता दाखला देतं. घाईने वेळ वाढतो तो असा.

टक्केवारीबद्दलचा गैरसमज तर जुनाच आहे. दोन दिव्यांगत्वांची बेरीज सरळ होत नाही. सूत्र असं आहे: मोठ्या टक्केवारीला 'अ' आणि लहानीला 'ब' म्हटलं, तर एकूण = अ + ब × (९० − अ) ÷ ९०. ४० आणि ३० मिळून ७० होत नाहीत, साधारण ५७ होतात. पण याची दुसरी बाजू फायद्याची आहे. ३० आणि ३० असलेल्या माणसाचे ५० होतात, म्हणजे तो लाभांसाठी लागणारी ४० टक्क्यांची रेषा ओलांडतो. डोळा आणि पाय दोन्हींत दोष असताना अर्जात एकच लिहिणारे लोक इथे हातचं घालवतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. लागू होणारे सगळे लिहा.

मुदतीचं काय? पूर्वी नियमात एक महिना होता. २०२४ च्या दुरुस्तीने तो तीन महिने केला, म्हणजे उशीर कमी करण्याऐवजी कायदेशीरच करून टाकला. शिवाय दोन वर्षं निर्णयाविना पडलेला अर्ज निष्क्रिय होतो. तेव्हा तीन महिने उलटले की नोंदणी क्रमांक घालून जिल्हा शल्यचिकित्सकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी चौकशीचा पुरावा राहत नाही. त्यानेही हललं नाही तर १० रुपयांचा माहिती अधिकार अर्ज करा: माझा अर्ज कोणत्या तारखेपासून कोणत्या टेबलावर आहे? उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, पण हा प्रश्न पोचल्यावर फाइल त्याआधीच उठते असा अनेकदा अनुभव येतो. टक्केवारी पटली नाही तर अपील निर्णयापासून ९० दिवसांत करायचं असतं. नवा अर्ज करून पुन्हा नशीब अजमावू नका.

दाखला मंजूर झाला की पोस्टाने येणाऱ्या कार्डाची वाट पाहत बसू नका, पोर्टलवरून ई-कार्ड उतरवून घ्या. कार्डावरची पट्टी ४० टक्क्यांखाली पांढरी, ४० ते ७९ पिवळी आणि ८० पासून निळी असते.

निराधारसाठी किमान ४० टक्के लागतात. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे आणि अनुदान २०२५ पासून महिना २,५०० रुपये झालं आहे. ही उत्पन्नमर्यादा आजच्या काळात थट्टाच वाटते, पण आहे ती अशी. उत्पन्नाच्या दाखल्याला सेतूत अर्ज बोर्डाची तारीख जवळ आली की लगेच टाकावा, म्हणजे दोन्ही कागद एकदमच हातात येतात. एकामागून एक करत बसलात तर तलाठ्याच्या अहवालापायी आठवडे जातात. प्रकरणं तालुक्याच्या समितीपुढे ठेवली जातात. बैठक नुकतीच होऊन गेली असेल तर अर्ज पुढच्या बैठकीपर्यंत तसाच पडून राहतो, म्हणून बैठकीची तारीख संजय गांधी शाखेत आधीच विचारून ठेवा.

मंजुरी आली, पैसे आले नाहीत, ही तक्रार बहुतेकदा बँकेत सुटते. खात्याला आधार जोडणं वेगळं आणि थेट लाभासाठी तेच खातं आधारशी सीड असणं (सरकारी पैसे याच खात्यात यावेत अशी नोंद असणं) वेगळं. रक्कम जाते ती सगळ्यात अलीकडे सीड झालेल्या खात्यात. विसरून गेलेल्या खात्यात पगार जमा होत राहिल्याची उदाहरणं कमी नाहीत. पासबुक भरायच्या आधी सीडिंग कोणत्या बँकेत आहे ते तपासा.

तात्पुरता दाखला असेल तर त्यावरची शेवटची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि नूतनीकरणाचा अर्ज तीन महिने आधी टाका. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांच्या दाखल्याचं नूतनीकरण वयाच्या ५, १० आणि १८ व्या वर्षी येतं. आणि वर्षातून एकदा तहसीलला हयातीचा दाखला द्यायचा राहिला, तर चालू पगारही थांबतो.