लोणारच्या विवरातली जंगलवाट: वरून बघू नका, खाली उतरा

लोणारला येणारे बहुतेक जण विवराच्या काठावर उभे राहतात, फोटो काढतात आणि अर्ध्या तासात मेहकरची एसटी धरतात. तळं वरून दिसतं, पण लोणार कळतं ते धारेकडून, म्हणजे गोड्या पाण्याच्या झऱ्याकडून, तळ्यापर्यंत उतरणाऱ्या वाटेवर. इतकी निवांत रानवाट बुलडाणा जिल्ह्यात आमच्या मते दुसरी नाही. पाचपैकी चार गुण. एक गुण का कापला, ते पुढे येईलच.

आधी एक गैरसमज. हा ज्वालामुखीचा खड्डा नव्हे. दगड मात्र ज्वालामुखीचाच आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्या काळ्या दगडावर पुष्कळ नंतर उल्का आदळली आणि सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचं विवर झालं. उतरताना कड्याकडे नीट बघा. लाव्हाचे थर एकावर एक बसलेले दिसतात आणि मधेच गेरूसारखा तांबडा पट्टा येतो. एक लाव्हा थंड होऊन त्याची माती झाली, मग तिच्यावर पुढचा लाव्हा येऊन पसरला, त्या मधल्या काळातली ही माती आहे. विवराच्या काठाजवळ हेच थर बाहेरच्या बाजूला कललेले आहेत, कारण धक्क्यानं खडक उचलला गेला. दगड खिशात घालू नका, हे अभयारण्य आहे.

उतार उभ्या उंचीत साधारण 130 मीटरचा. जायला अर्धा तास, चढायला पाऊण ते एक तास धरा. घसरायला होतं ते उतरताना, दगडावरच्या वाळल्या सागाच्या पानांवरून. म्हणून खाचा असलेल्या रबरी तळाचे बूट हवेत, चप्पल नको. पावसाळा सरला की कुसळं मोज्यांत घुसतात, तेव्हा फुलपँट बरी. माणशी दोन लिटर पाणी वरूनच घ्या, खाली पिण्याचं पाणी मिळेल असं धरून चालू नका. खाऊची पिशवी हातात लोंबकळत ठेवली तर वानरं सोडत नाहीत.

तळ्याच्या काठाशी आलात की वास येतो, सडक्या अंड्यासारखा. पाणी बोटांना साबणासारखं बुळबुळीत लागतं. अकबराच्या काळातल्या नोंदीतही इथल्या क्षारांचा उल्लेख काच आणि साबणासाठी आहे. घरून हळदीचा कागद करून आणा: चिमूटभर हळद थोड्या पाण्यात कालवून कोऱ्या कागदाला लावायची आणि वाळवायची. तळ्याच्या पाण्यात टोक बुडवलं की ते कुंकवासारखं लाल होतं, कारण पाणी अल्कधर्मी आहे, त्याचा सामू (pH) 10 च्या आसपास आहे. कागद पिवळाच राहिला तर बहुधा तुम्ही धारेचं गोडं पाणी येऊन मिळतं तिथे उभे आहात. थोडं पुढे जाऊन पुन्हा बुडवा. आणि कागद परत घेऊन या. जून 2020 मध्ये हेच तळं गुलाबी झालं होतं, खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगामुळे. त्याच वर्षी ते जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं.

आता कापलेला गुण. तळ्याकाठची वाट भरवशाची नाही. तळ्याला बाहेर जायला वाट नाही, त्यामुळे जोराचे पावसाळे झाले की पाणी चढतं आणि पायवाट बुडते. कमळजा मातेच्या मंदिरातही पाणी शिरलेलं आहे. वाट कुठपर्यंत उघडी आहे हे फाटकावर विचारूनच उतरा. पाणी ओसरलं तरी काठावरचा पांढरा गाळ वरून कोरडा दिसतो आणि पाय घोट्यापर्यंत आत जातो. पूर्ण फेरी मारायचा हट्ट नको, पलीकडे विलायती बाभळीचे काटे आहेत. रामगयेच्या मंदिरापर्यंत जाऊन परतलात तरी सकाळ सार्थकी लागते.

ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी, आडवारी, फाटक उघडताच. तेव्हा मोरांची केकावली आणि पानांवरच्या स्वतःच्या पावलांशिवाय फारसं काही ऐकू येत नाही. नवरात्रात कमळजेच्या यात्रेची गर्दी असते, त्या दिवसांत शांतता शोधायला येऊ नका. एप्रिल-मे तर टाळाच: विवराच्या भिंतींमुळे खाली वारा फिरत नाही, दगड तापतो आणि चढ नेमका उन्हाच्या वेळी येतो. हिवाळ्यातही दहाच्या आत चढायला लागा, डोक्याला दुपट्टा बांधा. वर आल्यावर गावातलं दैत्यसूदन मंदिर सोडू नका. त्याच काळ्या दगडात किती बारीक कोरीव काम होऊ शकतं, ते तिथे हाताच्या अंतरावर दिसतं.